मागच्या दाराची विचारपूस

ट्रेनिंग घ्यायला बडोद्याहून आलेल्या बेननी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं, तेव्हा सरलाबाईंनी मिटले नाहीत. इतकी वर्षं नर्सिंग करताना दिवसाउजेडी डोळे मिटून बसायची सवय त्यांना कुणी लावली नव्हती, आणि आता ती लावून घ्यायची इच्छाही नव्हती. अठवा लाइन्सच्या त्या थंडगार हॉलमध्ये खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. सुरतेतल्या खाजगी दवाखान्यांचे मॅनेजर, मेट्रन, कुणाकुणा डॉक्टरांचे मेहुणे, सगळे शहाण्या मुलांसारखे पापण्या मिटून बसले होते. तुमच्या हाताखालच्या अशा एका माणसाचा चेहरा समोर आणा, बेन हिंदीतून सांगत होत्या, जो पूर्वी चांगलं काम करायचा आणि आता करत नाही.

सरलाबाईंना त्यासाठी डोळे मिटायची गरजच नव्हती. कलाबाईचा चेहरा त्यांच्यासमोरून हलतच नव्हता, आणि तो आठवला की त्यांचं डोकं सणकायचं.

उत्तरायण, म्हणजे इथली संक्रांत, नुकतीच होऊन गेली होती. हॉलच्या खिडकीबाहेर विजेच्या तारांवर फाटके पतंग लोंबत होते. प्लेग येऊन गेला होता की नाही असं वाटावं इतकं शहर पुन्हा भरलं होतं, गजबजलं होतं. फक्त दवाखान्यांत माणसं टिकत नव्हती. जी पळाली त्यांतली निम्मी परत आली नाहीत, जी आली ती महिन्या-दोन महिन्यांत सोडून जात होती. म्हणून डॉक्टरांच्या मंडळाने हे ट्रेनिंग ठेवलं होतं. कर्मचाऱ्यांना समजून-उमजून कसं सांभाळावं, असा त्याचा विषय. खरं तर बोलावणं सरलाबाईंच्या डॉक्टरांनाच होतं. पण डॉक्टरांना ओपीडी होती, आणि असली कामं अंगावर ढकलायला सरलाबाई होत्याच.

पांडेसऱ्याच्या अलीकडे हमरस्त्यालगत डॉक्टरांचं छोटं नर्सिंग होम होतं आणि सरलाबाई तिथल्या मेट्रन. मूळच्या अमळनेरच्या. नवरा पलसाण्याच्या कापड रंगवायच्या एका कारखान्यात. भाद्रपदात प्लेगची बातमी फुटली त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टर सहकुटुंब मुंबईला सासरी गेले होते. ते पळाले, असं सरलाबाई कधी म्हणत नसत. "साहेब तेव्हा मुंबईला होते," एवढंच म्हणायच्या, पण त्यातल्या 'होते'वर जरा रेटून जोर द्यायच्या. जयश्री नावाची तरणी नर्स ड्यूटी अर्धी टाकून शिरपूरला गेली ती इतक्या घाईने, की तिचा जेवणाचा डबा कपाटात तसाच राहिला. महिन्याभराने परतल्यावर तो उघडताना तिने नाकाला पदर लावला, तेव्हा सरलाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की पुढचा आठवडाभर ती त्यांच्यासमोर यायचं टाळत होती.

राहिल्या होत्या त्या सरलाबाई आणि दोन आया, कलाबाई आणि अनुसया. सरलाबाईंचा नवरा मुलांना घेऊन अमळनेरला गेला. जाताना त्याने येतेस का म्हणून तीनदा विचारलं आणि चौथ्यांदा विचारलं नाही. परत आल्यावरही त्या दिवसांबद्दल त्याने एक शब्द काढला नाही, आणि सरलाबाईंना ते अजून डाचत होतं.

बेन मात्र चांगलं बोलत होत्या, हे त्यांनाही कबूल करावं लागत होतं. ट्रॉमा म्हटलं की सरलाबाईंना आजवर अपघाताची केस आठवायची, फुटलेलं डोकं, मोडलेला पाय. बेन म्हणत होत्या की मोठी भीती पाहिलेल्या माणसालाही तसाच मार बसलेला असतो, फक्त तो दिसत नाही. संकट चालू असताना असा माणूस खंबीर उभा राहतो. सगळं शांत झालं की मग ढासळतो. त्याच्यावर ओरडू नका. तू असं का केलंस हे विचारू नका, तुला काय झालं ते विचारा. रोज सकाळी प्रत्येकाजवळ जा, प्रेमाने हात हातात घ्या, बरं वाटतंय ना म्हणून विचारा. ज्याची विचारपूस होते तो माणूस सोडून जात नाही.

सरलाबाई ऐकत होत्या आणि आतून धुमसत होत्या. पळून गेलेल्या जयश्रीचा हात हातात घ्यायचा. कामात टंगळमंगळ करणाऱ्या कलाबाईला बरं वाटतंय ना म्हणायचं. आणि जी तेव्हा किल्ल्या कमरेला लावून एकटी उभी होती तिनेच आता हेही करायचं. त्यांच्या तोंडून प्रश्न निसटलाच.

"और जो सबको पूछेगी, उसको कौन पूछेगा?"

दोन-चार जणांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं. हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे, जेवणानंतरचा सगळा वेळ यावरच आहे, असं म्हणून बेननी तो फळ्यावर लिहूनही ठेवला.

जेवणात उंधियू होतं. सरलाबाई ताट घेऊन बसतात न बसतात तोच हॉलच्या ऑफिसात त्यांच्यासाठी डॉक्टरांचा फोन आला. कलाबाई पुन्हा गेली होती. पोछ्याची बादली व्हरांड्यात मधोमध ठेवून, कुणाला न सांगता. एका पेशंटच्या नातेवाइकाचा पाय त्या बादलीला लागून सगळं पाणी वाहिलं होतं आणि तो आता डॉक्टरांच्या टेबलाशी उभा राहून भांडत होता.

"सरलाबेन, आ बाई हवे नहीं चाले," डॉक्टर म्हणाले. सोमवारपर्यंत ती सरळ झाली नाही, तर तिच्या जागी दुसरी बघायची. आणि सरलाबेननी लगेच निघून यायचं.

फळ्यावरचा प्रश्न फळ्यावर राहिला आणि सरलाबाई रिक्षा शोधायला रस्त्यावर आल्या. उंधियूचा एकच घास पोटात गेला होता. रिक्षात बसल्या-बसल्या त्यांना कलाबाईचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. भर प्लेगात जी बाई एकदाही रडली नाही, जिने वांत्यांनी भरलेल्या चादरी हाताने धुतल्या, तिला आता काय झालं होतं? काम जमेना म्हणावं तर सगळा दवाखाना ती लख्ख पुसायची. फक्त कोपऱ्यातली खोली आली की बादली टाकून नाहीशी व्हायची आणि मागे पाण्याच्या टाकीशी नाहीतर थेट घरी सापडायची. त्या खोलीत तेव्हा तापाचे पेशंट सरकारी गाडी येईपर्यंत ठेवत असत. पण आता तिथे हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक काका होते आणि दिवसभर रेडिओ ऐकत पडलेले असत. त्यांना कोण घाबरेल?

आजवर सरलाबाईंनी कलाबाईला दटावून पाहिलं होतं, गप्प बसून पाहिलं होतं, तिच्या वाट्याचं काम दुसरीला देऊन पाहिलं होतं. कलाबाई विधवा. तिची कमाई बंद झाली तर बमरोलीतली खोली सुटणार आणि गावी परत जायला तिला कुणी उरलं नव्हतं. हे डॉक्टरांना सांगून उपयोग नव्हता. टिकलेल्या बाईला काढायचं आणि पळालेल्यांना ठेवायचं, हा हिशेब सरलाबाईंच्या घशाखाली उतरत नव्हता. काहीही करून कलाबाईची जागा टिकवायची एवढं त्यांनी ठरवलं. दटावून झालं होतं, आता बेनचं औषध देऊन बघायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आया, वॉचमन, नर्सा, सगळे याच दाराने आत येत. आधी जयश्री आली. सरलाबाईंनी मनावर दगड ठेवून तिचा हात हातात घेतला आणि बरं वाटतंय ना म्हणून विचारलं. जयश्री आधी गोंधळली, मग तिचे डोळे भरून आले आणि ती चक्क त्यांच्या गळ्यातच पडली. ट्रेनिंगमध्ये दम आहे म्हणायचा, असं सरलाबाईंना वाटून गेलं आणि पळपुट्या पोरीने आपल्या इस्त्रीच्या साडीला काजळ लावलं म्हणून चिडचिडही झाली.

मग कलाबाई आली. काल न सांगता गेल्यामुळे मान खाली घालूनच आली. सरलाबाई तिला काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन हळूच तिचं मनगट धरलं आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या, "कलाबाई, बरं वाटतंय ना?"

कलाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने हात असा हिसडला की तिची काचेची बांगडी सरलाबाईंच्या हातात फुटली. दुसऱ्या क्षणी ती दारातून बाहेर होती. वॉचमनने हाका मारल्या, पण ती पदर सावरत हमरस्त्याच्या कडेने जवळजवळ पळत सुटली होती. जयश्री आतून धावत आली आणि काय झालं विचारू लागली. सरलाबाईंच्या तळव्यातून रक्ताचा एक बारीक थेंब आला होता.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "ट्रेनिंग झालं."

डॉक्टरांनी जाता-येता विचारलं तेव्हा कलाबाईला ताप आहे, मीच घरी पाठवली, असं ठोकून दिलं. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर त्या घरी न जाता बमरोलीला गेल्या. मिलच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची लांब रांग होती. कलाबाई उंबऱ्याच्या आत बसून साड्यांचे लोंबते धागे कापत होती. असलं काम बाया घरी आणून करत. म्हणजे हिने दुसरी सोय बघायला सुरुवातही केली, असं वाटून सरलाबाईंचा उरलासुरला धीर सुटला.

दवाखान्यात त्या मराठी, हिंदी नाहीतर गुजरातीत बोलायच्या. अहिराणी घरापुरती. आज मात्र दारातच त्यांच्या तोंडून अहिराणी आली आणि चांगली खरमरीत आली. मी डॉक्टरशी तुझ्यासाठी भांडते, तुझ्यासाठी खोटं बोलते, आणि मायेने हात धरला तर तू माझ्याच हातात बांगडी फोडतेस. सोमवारी तुला काढून टाकणार आहेत, तुला कळतंय का? तुला माझ्याकडून हवंय तरी काय?

कलाबाई धागे कापायची थांबली. कात्री तिने नीट मिटून बाजूला ठेवली.

"माले गाडीमा नका धाडा, बाई," ती म्हणाली.

"तुले कोन गाडीमा धाडस? गाडी कथी शे आते?"

कलाबाईने मांडीवरची साडी बाजूला सारली. मग खाली बघूनच बोलली. "तुम्ही अनुसयाना हात असाच धरा व्हता, बाई. असंच ईचारं व्हतं. मी तिना मांगेच उभी व्हती."

सरलाबाई उंबऱ्यावर बसल्या.

भाद्रपदातले ते दिवस. तोंडाला रुमाल, खिशात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल, आणि थर्मामीटर पेशंटनाच पुरत नव्हते. म्हणून रोज सकाळी मागच्या दारात उभं राहून त्या कामावर येणाऱ्या प्रत्येकीचं मनगट हातात घेत. बरं वाटतंय ना म्हणून विचारत आणि उत्तराकडे लक्ष न देता डोळे पाहत, कारण बरंय असंच सगळे म्हणत. एका सकाळी अनुसयाही बरंय म्हणाली होती. तिचं मनगट चटका बसावा असं तापलेलं होतं. सरलाबाईंनी तिला कोपऱ्यातल्या खोलीत बसवलं आणि सरकारी गाडीला फोन केला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आजही कुणी विचारलं असतं तर त्यांनी तेच केलं असतं. अनुसया गाडीत चढताना उद्या येते म्हणाली. ती आलीच नाही. नंतर कुणी म्हणालं प्लेग, कुणी म्हणालं मलेरियाच होता. तिच्या माणसांपैकी तेव्हा सुरतेत कुणीच नव्हतं.

एवढं सगळं सरलाबाईंना आठवत होतं. त्या सकाळी अनुसयाच्या मागे कोण उभं होतं, हे मात्र कधी आठवलं नव्हतं.

"मंग तोच हात तुम्ही माले लावा व्हता," कलाबाई म्हणाली. "तिना तापनी गरमच व्हता तो. नी माले म्हने, आत जाय, फिनेल ले."

सरलाबाई तसं म्हणाल्या होत्या. त्यांना आता त्यांचा स्वतःचा आवाजही ऐकू आला, रुमालातून आलेला, कोरडा. कलाबाईला त्यांनी त्या दिवशी एवढंच म्हटलं होतं, आणि नंतरही त्यावर कधी काही म्हटलं नव्हतं. बमरोलीहून रोज जोडीने येणाऱ्या दोघींमधली एक गेली आणि दुसरी फिनेल घेऊन तीच खोली पुसायला गेली. चार महिने झाले, दोघींनी अनुसयाचं नाव एकमेकींसमोर घेतलं नव्हतं. हे सगळं सोडून आपण बादलीवरून भांडत होतो, असं सरलाबाईंना वाटलं आणि त्यांना स्वतःची, डॉक्टरांची, त्या थंडगार हॉलची, सगळ्याचीच चीड आली. बेननी सांगितलेलं शब्द न् शब्द खरं होतं. फक्त या दारात तो प्रश्न आधी कशासाठी विचारला गेला होता, हे बेनना कुठून ठाऊक असणार?

माफी मागावी तर कशाची, ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी स्वतःचाच हात कलाबाईसमोर धरला, तळवा वर करून. बांगडीने कापलेली जागा अजून लाल होती.

"आते तू देख," त्या म्हणाल्या.

कलाबाईला आधी कळलंच नाही. मग तिने साडीला बोटं पुसली आणि भीत-भीत त्यांचं मनगट धरलं. नाडी कुठे असते ते तिला माहीत नव्हतं. सरलाबाई करायच्या तसं करून तिने मनगटाभोवती मूठ वळली आणि त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"ताप नही शे," ती म्हणाली.

एवढंच झालं. त्यानंतर दोघी अंधार पडेपर्यंत अनुसयाबद्दल बोलत बसल्या. ती तंबाखू लपवून कुठे ठेवायची, पेशंटची केळी कशी मागून घ्यायची, तिच्या घोरण्याने वॉर्डातली पोरं कशी जागी व्हायची.

सोमवारी सरलाबाई डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि कलाबाई राहील म्हणाल्या. कोपऱ्यातली खोली सोडून ती सगळं करेल. ती खोली मी पुसेन. डॉक्टरांना आधी हे थट्टेत घ्यावं की रागात, ते ठरवता येईना.

"ट्रेनिंग में यही सिखाया, मेट्रन पोछा लगाएगी?"

"आधा ही सीखा, साहब," सरलाबाई म्हणाल्या. "आधे में आपका फोन आ गया."

डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिली, तीही उपकार केल्यासारखी. बेनना चिठ्ठी पाठवून उरलेल्या अर्ध्या दिवसात काय शिकवलं ते विचारावं, असं सरलाबाईंच्या मनात बऱ्याचदा आलं, पण ते राहूनच गेलं. रोज दुपारी त्या साडीचा पदर खोचून हर्नियाच्या काकांची खोली पुसू लागल्या. काका रेडिओचा आवाज कमी करून पाय वर घ्यायचे. तरण्या नर्सा तोंडावर हात ठेवून हसायच्या, जयश्रीसुद्धा. सरलाबाईंचे गुडघे दुखायचे आणि जिभेवर आलेल्या शिव्या त्या गिळायच्या. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुला कुणी सांगितलं हे करायला? तो तेवढंच विचारून जेवायला बसला.

सकाळी मात्र त्या न चुकता मागच्या दारात उभ्या राहत. कुणाचाही हात धरत नसत. सगळे आत जाईपर्यंत नुसत्या उभ्या राहत. कलाबाई सर्वांच्या शेवटी यायची, चपला बाजूला काढायची आणि काही न बोलता त्यांचं मनगट हातात घ्यायची. मग ताप नाही म्हणायची आणि फिनेल घ्यायला आत जायची. डॉक्टरांनी एकदा हे पाहिलं आणि डोकं हलवत पुढे गेले.

मुदत संपत आली त्या आठवड्यात एका सकाळी कलाबाईने नेहमीसारखं मनगट धरलं. डॉक्टरांनी आदल्या दिवशी नवीन आयाची चौकशी केली होती, आणि सरलाबाईंना ते कलाबाईला सांगायचं धाडस होत नव्हतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. कलाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बाई," तिने विचारलं, "तुम्हले बरं शे ना?"

"बरंय," सरलाबाई सवयीने म्हणाल्या.

कलाबाईने हात सोडला नाही.